आकृती सतरा

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं भाऊसाहेब एकतीस वर्षं स्वतःला सांगत आले होते. पण राहून जाते ती छत्री, राहून जातो तो चष्मा. पत्र राहून जात नाही, ते आपण ठेवतो. भाऊसाहेबांनी ते आधी टेबलावर ठेवलं, मग टेबलाच्या खणात, मग खणातल्या एका वहीत, आणि शेवटी ती वहीच माळ्यावर टाकली. एखादी वस्तू इतक्या पद्धतशीरपणे लांब नेणाऱ्या माणसाने ‘विसरलो’ म्हणू नये, एवढं त्यांनाही कळत होतं. आयुष्यभर मुद्रितं तपासून शब्दांच्या बाबतीत इतपत प्रामाणिकपणा त्यांच्यात उरला होता.

पत्र एका शिंप्याचं होतं. अक्षर टाक्यांसारखं बारीक आणि सरळ.

‘पूज्य गुरुजींस नमस्कार. आपले कुंग फूमधील हातांचे डावपेच हे पुस्तक आणून सहा महिने झाले. मी अंगाने किरकोळ आहे. दुकानात मला कोणीही कोपराने सरकवून पुढे जाते. म्हणून रोज सकाळी बहिणीला समोर उभी करून सराव करतो. बाकीचे थोडेफार जमते. आकृती सतरा मात्र जमत नाही. दाखवल्याप्रमाणे समोरचीचे मनगट धरून ओढतो, आणि दर वेळी तिचा दुसरा हात माझ्या गालावर बसतो. ती मुद्दाम मारत नाही, तो आपोआप येतो. आतापर्यंत तीनशेच्या वर बसल्या असतील. बहीण म्हणते, तुझ्या अंगातच नाही, सोडून दे. गुरुजी, एवढेच कळवा : चूक माझी की पुस्तकाची? आपली असेल असे वाटत नाही. माझी असेल तर मी सोडून देतो. उत्तराची वाट पाहतो.’

गुरुजी! भाऊसाहेबांनी आयुष्यात एकदाच मूठ वळली होती, आणि तीही औषधाच्या बाटलीचं बूच निघेना म्हणून.

झालं होतं असं की, ज्या प्रकाशकाकडे ते मुद्रितशोधक होते, त्याने ‘घरी शिका’ अशी एक पुस्तकमाला काढली. पहिल्यांदा गुलाबाची कलमं. ते पुस्तक भाऊसाहेबांनी इंग्रजीवरून केलं. घरात कुंडी नव्हती. मग टंकलेखन, यंत्र नव्हतं. तिसऱ्या वेळी प्रकाशकाने कुंग फूचं पुस्तक पुढे सरकवलं तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, “साहेब, मला यातलं काही येत नाही.” प्रकाशक म्हणाला, “गुलाबाला कळलं का, तुम्हाला कलम येत नाही ते?” या युक्तिवादावर उत्तर सुचायला भाऊसाहेबांना साधारण पाच वर्षं लागली, तोवर पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली होती. मुखपृष्ठावर कोणा चिनी गुरूचं बनावट नाव होतं. भाऊसाहेबांचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्याबद्दल ते मनातून आभारी होते.

मूळ पुस्तकातली छायाचित्रं वापरता येत नव्हती, म्हणून नवी घरीच काढली. एका रविवारी सकाळी खुर्च्या बाजूला सारल्या. मेहुण्याने कॅमेरा आणला. भाऊसाहेब झाले इसम अ आणि त्यांची बायको झाली इसम ब. इसम ब हल्ला करणार, इसम अ बचाव करणार. पुढे चित्रकाराने त्या फोटोंवरून रेघांची चित्रं काढली, इसम ‘ब’चे खांदे रुंद केले आणि ओठांवर भरघोस मिशा काढल्या. छापून आलेलं पुस्तक हातात घेऊन ती कितीतरी वेळ हसत होती. “बघा, तुमच्यापेक्षा मलाच शोभतात,” म्हणाली.

प्रकाशकाच्या पत्त्यावर आलेलं पत्र घरी आणलं तेव्हा तीच म्हणाली, “उत्तर द्या हो त्याला. बिचारा मार खातोय.”

“काय देऊ? मला कुठे माहीत आहे चूक कोणाची?”

“मग तसंच लिहा.”

तसं लिहायला जे लागतं ते भाऊसाहेबांपाशी नव्हतं. काही महिने ती आठवण करत राहिली, मग करेनाशी झाली. बायकोने बोलायचं सोडलेल्या गोष्टींची एक यादी प्रत्येक संसारात असते. भाऊसाहेबांना ती यादी ती गेल्यावर हळूहळू सापडू लागली.

तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी माळा आवरायला आली आणि वही तिच्या डोक्यावर पडली. वहीतून पत्र पडलं. भाऊसाहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि जाहीर केलं, “मला कुंग फू शिकायला हवं.”

मुलगी स्टुलावर होती. ती आधी खाली उतरली, मग म्हणाली, “बाबा, पत्राला उत्तर द्यायला पेन लागतं.”

“उत्तर माहीतही असावं लागतं. त्याने विचारलंय, चूक कोणाची. कळल्याशिवाय काय लिहू? आणि शब्दकोशात ते मिळत नाही, मी तेव्हाच पाहिलं होतं.”

“एकतीस वर्षं झाली. तो माणूस आहे तरी का, असला तरी त्याच पत्त्यावर आहे का…”

“माझीच चूक, असं समजून त्याने सोडून दिलं असेल गं,” भाऊसाहेब म्हणाले. “मी उत्तर द्यायचं सोडलं, तसंच.”

मुलीने डोक्याला आलेलं टेंगूळ चोळलं आणि बापाला प्रवेश घ्यायला घेऊन गेली.

वर्ग एका बॅडमिंटनच्या हॉलमध्ये सकाळी सातला भरायचा. प्रवेशअर्जात वयाचे चार रकाने होते. सहा ते बारा, तेरा ते अठरा, एकोणीस ते चाळीस, आणि ‘इतर’. भाऊसाहेब इतरांत गेले. खाली पालकाची सही हवी होती. ‘इतर’ला पालक कुठून आणायचा, असं विचारल्यावर कारकून म्हणाला, “रकाना रिकामा ठेवला की अर्ज वर घेत नाहीत.” तेव्हा मुलीने पालक म्हणून सही केली. नात्याच्या रकान्यात तिने ‘मुलगी’ लिहिलं. कारकुनाने तेही आक्षेप न घेता स्वीकारलं.

मग डॉक्टरचा दाखला. नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, “कशासाठी हवाय?”

“कुंग फूसाठी.”

डॉक्टरांनी रक्तदाब बघायला काढलेला पट्टा खाली ठेवला आणि विचारलं, “आज वार कोणता?”

वार बरोबर निघाला. दाखल्यावर डॉक्टरांनी ‘हलक्या व्यायामास हरकत नाही’ असं लिहिलं आणि ‘हलक्या’खाली दोन रेघा ओढल्या.

खरा घोटाळा झाला तो ‘पूर्वानुभव’ या रकान्यात. तिथे ‘नाही’ लिहून माणूस मोकळा झाला असता. पण भाऊसाहेबांना वाटलं, नाही म्हणणं म्हणजे पुन्हा लपवणं. लपवालपवी थांबवायलाच तर आपण निघालो आहोत. म्हणून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘या विषयावर एक पुस्तक केले आहे. दोन आवृत्त्या.’

पहिल्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकताच पंधरा-वीस माणसं रांगेत उभी राहिली. शिकवणाऱ्या बाईंनी उजवी मूठ डाव्या तळव्यात ठेवून वाकून नमस्कार केला. त्यांना सगळे सिफू म्हणत. चिनी भाषेत तो गुरूसाठीचा शब्द. दिवसभर त्या लोकांना मोटार चालवायला शिकवत आणि सकाळी हात चालवायला. दोन्हीकडे आवाज एकच.

“सर, पुस्तक लिहिलंय तुम्ही?”

“लिहिलं म्हणजे… तसं नाही… मी फक्त…”

“विनय बघा,” सिफू वर्गाकडे वळून म्हणाल्या. “याला म्हणतात साधना.” आणि भाऊसाहेबांना थेट वरच्या गटात उभं केलं.

समोर एक दंतवैद्य आले. चाळिशीचे, गोल, अत्यंत सभ्य. “सर, मला सांभाळून घेऊ नका हं,” ते हळूच म्हणाले. “खरं काय असतं ते एकदा बघायचंय.”

पूर्ण माहितीशिवाय कोणाचा विरस करणं भाऊसाहेबांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. पान उलटताना जातो तसा तो गेला. दंतवैद्यांनी तो बाजूला थापटला, हात गेला त्याच दिशेने मागोमाग भाऊसाहेब गेले, आणि बॅडमिंटनच्या जाळीत जाऊन बसले. कोणी तरी कुजबुजलं, “हासुद्धा डाव असेल.” जाळीतून सोडवून घ्यायला त्यांनी जेव्हा तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तो डाव नसल्याचं सर्वांना कळलं.

सिफूंनी त्यांना कोपऱ्यात नेऊन खरं काय ते विचारलं. भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. पत्राचं मात्र नाही सांगितलं. ते सांगताना आवाज धड राहील याची खात्री नव्हती.

“हरकत नाही काका,” सिफू म्हणाल्या. सरांचे काका व्हायला वीस मिनिटं लागली होती. “पहिल्या गिअरपासून सुरू करू.”

पहिला गिअर म्हणजे भिंतीसमोर उभं राहून, कोपर बरगडीशी ठेवून, उताणा तळवा इतक्या हळू पुढे न्यायचा की गोगलगाईला लाज वाटावी. याला म्हणतात तान साव. पंखासारखं कोपर उचलायचं ते बाँग साव. येणारा हात थापटायचा तो पाक साव, आणि मनगट धरून ओढायचं ते लाप साव. नावं ऐकून भाऊसाहेबांना जुने शेजारी भेटल्यासारखं झालं. पुस्तकात त्यांनीच या हातांना उत्तानहस्त, पक्षहस्त, चपेटहस्त आणि ग्रहणहस्त अशी नावं दिली होती. त्यांनी ती लाजत सिफूंना सांगितली.

“वा!” सिफू म्हणाल्या. “नुसतं नाव घेतलं तरी समोरचा पळेल.”

दीड महिन्याने त्यांना दंतवैद्यांसमोर पुन्हा उभं केलं, यावेळी चिकटत्या हातांसाठी. दोघांनी पुढचे हात एकमेकांना टेकवायचे आणि न सोडता गोल फिरवायचे. मारायचं नाही, ढकलायचं नाही. “डोळ्यांनी बघत बसलात तर उशीर होतो,” सिफूंनी सांगितलं. “समोरचा काय करणार हे कातडीला आधी कळतं. डोळे मिटा.”

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. मनगटावर दुसऱ्या माणसाचं मनगट आलं. उबदार, थोडं घामट, जिवंत. दोन वर्षांत न्हाव्याशिवाय आणि डॉक्टरांशिवाय त्यांना कोणी हात लावला नव्हता. मुलगी यायची, पण ती कामाच्या घाईत. येते म्हणायची आणि जाते म्हणायची. हात फिरत राहिले, आणि काही कारण नसताना भाऊसाहेबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

दंतवैद्याला समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी येण्याची सवय असते. ते काही विचारत बसले नाहीत. नुसतं सवयीने म्हणाले, “झालं, झालं. एकच मिनिट.” आणि हात काढला नाही.

त्या दिवसानंतर भाऊसाहेबांना धीर आला. लाप साव शिकवलं जात होतं त्या सकाळी ते दंतवैद्यांना म्हणाले, “माझी एक विनंती आहे. मी सांगतो त्या हाताने ठोसा मारा.” आणि आकृती सतरा डोळ्यांसमोर आणून त्यांनी दंतवैद्यांचं मनगट पकडून ओढलं.

फाट! दंतवैद्यांचा दुसरा हात गालावर. चष्मा जाळीपलीकडे.

“अरे देवा! सॉरी, सॉरी! मी मारलं नाही हो, तो आपोआप…”

“आपोआप आला ना?” भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. अर्धा उजळला, उरलेला अर्धा लाल होता. “अगदी बरोबर. पुन्हा.”

दंतवैद्यांनी नाही-नाही म्हणत अकरा वेळा केलं. अकराही वेळा थप्पड बसली. अकराव्यानंतर ते खाली बसले आणि म्हणाले, “मला आता दवाखान्यात भूल द्यावी लागेल, मलाच.”

पण भाऊसाहेब खुशीत होते. तीनशे थपडांतल्या अकरा तरी आपल्या वाट्याला आल्या, याचं त्यांना एक विचित्र समाधान वाटत होतं.

इमारतीत मात्र निराळीच हवा पसरली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर जिन्यातच आडवे आले. गाल जांभळा झालेला.

“भाऊसाहेब, नाव सांगा फक्त. कोण आहे तो?”

“दातांचे डॉक्टर आहेत.”

“दातांच्या डॉक्टरने गालावर मारलं? मग दाढ काढायला काय वापरतो, फावडं?” ओव्हरसियरांनी लगेच तीन सल्ले दिले. बर्फ लावा, शेक द्या, आणि तक्रार करा. बर्फ आणि शेक यांतलं आधी काय, यावर पहिल्या मजल्यावरच्या बाईंशी त्यांचं वाजलं, आणि त्या भांडणात गालाकडे बघायला कोणाला सवड राहिली नाही. कुंग फूचं कळल्यावर तर ओव्हरसियरांना भलतीच कल्पना सुचली. त्यांच्या जागेवर कोणी तरी रोज स्कूटर लावत असे.

“तुम्ही नुसते माझ्या मागे उभे राहा. बोलायचं नाही. तुमचा चेहरा सध्या चांगला आहे.”

भाऊसाहेब उभे राहिले. ओव्हरसियर तावातावाने बोलत होते. स्कूटरवाल्याने सगळं ऐकून घेतलं, मागे बघितलं, घरात गेला आणि खुर्ची घेऊन आला. “काका, बसा हो. उन्हात कशाला उभं केलंय यांनी तुम्हाला? कुठे पडलात?” मग पाणी आणलं. स्कूटर तिथेच राहिली. त्या संध्याकाळी आरशात स्वतःकडे बघताना भाऊसाहेबांना वाटलं, आपल्या चेहऱ्यावर इसम ‘ब’सारख्या मिशा असत्या तर गोष्ट वेगळी असती.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक आणि पत्र दोन्ही घेऊन हॉलमध्ये गेले. सिफूंनी पत्र वाचलं. त्यांचा मोटार शिकवणारा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “म्हणून होय काका, तुम्ही मार खात होता?”

मग त्यांनी आकृती सतरा उघडली, दंतवैद्यांना समोर उभं केलं आणि चित्राप्रमाणे हात लावून बघितला. पुन्हा चित्र बघितलं.

“धरणारा हात उजवा. बरोबर आहे. पण समोरच्याने ठोसा डाव्याने मारलाय.”

“मग?”

“मग काय! त्याचा उजवा आपण आपल्या उजव्याने धरायचा, ओढून आडवा करायचा आणि डाव्या हाताने त्याचं कोपर दाबायचं. आपण त्याच्या हाताच्या बाहेर येतो. त्याचा दुसरा हात त्याच्याच हातामागे अडकतो, आपल्यापर्यंत पोचत नाही. इथे डावा धरलाय. म्हणजे आपण ओढतोय आणि त्याचा उजवा मोकळाच. गाल समोर आहे, तो घेणारच.” बोलता बोलता त्या पानं उलटत होत्या. “हे बघा, बारामध्ये डावा. चौदामध्ये डावा. एकवीसमध्ये डावा. इतर आकृत्यांत खपून जातं, सतरामध्ये नाही खपत. हा मिशीवाला डावखुरा आहे हो! कोण होता हा?”

भाऊसाहेब चित्राकडे बघत होते. रुंद खांदे, भरघोस मिशा, आणि त्या सगळ्याच्या पुढे आलेला एक हात. चित्रकाराने सगळं बदललं होतं, हात बदलायचा कंटाळा केला होता. लांब बोटं. करंगळी किंचित बाहेर. मूठ वळतानाही अंगठा जपून आत घेतलेला.

“माझी बायको,” ते म्हणाले.

दंतवैद्यांनी पुढे केलेला ठोसा सावकाश खाली घेतला.

घरी येऊन भाऊसाहेबांनी मुलीला फोन लावला. कामात होती. “पटकन बोला बाबा.”

“तुझी आई डावखुरी होती का गं?”

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तुम्हाला माहीत नव्हतं?”

“ती लिहायची उजव्या हाताने.”

“शाळेत पट्ट्या मारून मारून लिहायला लावलं होतं तिला. बाकी सगळं डाव्यानेच. चिरायची, शिवायची, कुलूप उघडायची. तिची कात्रीसुद्धा डाव्या हाताची होती, मला हात लावू द्यायची नाही.”

“ती कात्री…” भाऊसाहेब म्हणाले आणि थांबले. ती कात्री कापत नाही म्हणून ते दोनदा धार लावायला घेऊन गेले होते. दोन्ही वेळा तिने काही न बोलता परत घेतली होती. “तिने कधी सांगितलं नाही.”

“तुम्ही समोर बसायचात ना बाबा. दिसत होतं की.”

समोर बसत होते, हे खरं. समोर बसलेल्या माणसाचा डावा आपल्या उजवीकडे येतो. आणि भाऊसाहेबांच्या समोर बहुतेक वेळा पुस्तकही असायचं. चाळीस वर्षं! मुद्रितात अनुस्वार पालथा पडला तरी पकडणारा माणूस. बायकोचा जो हात लिहीत होता तेवढाच त्यांनी वाचला होता.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुपारी कागद घेऊन बसले. आता लिहायला सगळं होतं. चित्रासाठी जी व्यक्ती उभी होती ती डावखुरी होती, सबब आकृती चुकली. नेमकं, खरं आणि सोयीचं. ‘सोयीचं’ हा शब्द मनात आला आणि त्यांनी पेन ठेवलं. त्यांनी माळ्यावरच्या त्याच वहीत भाषांतराचा कच्चा खर्डा शोधला. सतराव्या आकृतीखालचं वाक्य त्यात होतं. ‘प्रतिस्पर्ध्याचा उजवा ठोसा येताच आपल्या उजव्या हाताने त्याचे उजवे मनगट धरून आपल्या उजवीकडे ओढावे.’ एका वाक्यात चार वेळा उजवा. कानाला कसं खडखडतं! म्हणून त्यांनी दोन ‘उजवे’ लाल शाईने खोडले होते. ठोशाचा आणि मनगटाचा. वाक्य सुरेख झालं होतं. आजही सुरेख वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

ते दोन शब्द राहिले असते तर शिंप्याने चित्र आणि मजकूर ताडून पाहिला असता. सुईत दोरा ओवणारा माणूस, त्याच्या नजरेतून सुटलं नसतं. तिने तर समोर आला तो हात पुढे केला. त्या रविवारी तिने बहुधा विचारलंही होतं, “कुठल्या हाताने मारू?” आणि आपण खर्ड्यातून मान वर न करता म्हणालो होतो, “कुठल्याही. मार.” हे खरंच घडलं होतं की आत्ता आपण रचलं, याचा निवाडा भाऊसाहेबांना करता आला नाही. पण घडलं नसेल असंही त्यांना छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

पहिला खर्डा सात पानांचा झाला. त्यात सतराव्या शतकापासून मुद्रणदोषांचा इतिहास आला होता. दुसरा चार पानांचा. त्यात ‘वस्तुतः’ नऊ वेळा. तिसरा त्यांनी दंतवैद्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “भाऊसाहेब, पेशंट तोंड उघडून बसलाय. एकतीस वर्षं. लवकर सांगा त्याला.”

चौथा हा :

‘स. न. चूक आपली नव्हती. चूक पुस्तकाची, म्हणजे माझी. आकृती सतरामध्ये समोरच्याचा डावा हात आहे, तो उजवा हवा. तसे सांगणारे शब्द मी वाक्य चांगले दिसावे म्हणून काढले. आपण दाखवल्याप्रमाणे बिनचूक करत होता, म्हणूनच थप्पड बसत होती. हे मी स्वतः करून पाहिले आहे. आपण सराव सोडून दिला असेल, तर ते माझ्या गप्प राहण्यामुळे. मी गुरुजी नाही, तेव्हाही नव्हतो, आणि हे कळवायला मला एवढी वर्षे लागली. चित्रातला दुसरा हात माझ्या पत्नीचा आहे. तिचा यात दोष नाही. आपल्याला उत्तर द्यावे असे ती पुष्कळदा म्हणाली होती. आपल्या भगिनींना नमस्कार.’

टपाल कचेरीत रजिस्टरच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी पत्ता बघून मान हलवली.

“आजोबा, हे जुने नंबर आहेत. ही पेठच आता दोन वॉर्डांत गेलीय. कुठला वॉर्ड?”

“माहीत नाही.”

“तो माणूस तिथे राहतो का?”

“तेही माहीत नाही.”

“मग परत येईल हे.”

“येऊ दे,” भाऊसाहेब म्हणाले. “पण आधी जाऊ दे.”

बाईंनी पाकीट उलटं केलं. “पाठवणाऱ्याचं नाव नाही लिहिलंत. त्याशिवाय रजिस्टर होत नाही. पूर्ण लिहा.”

भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढलं. पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत जे कुठेही छापलं गेलं नव्हतं ते नाव त्यांनी पूर्ण लिहिलं, खाली पत्ता लिहिला, आणि सवयीने एकदा तपासला. बाईंनी शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागे न बघता पोत्यात टाकलं. भाऊसाहेब त्या पोत्याकडे बघत उभेच.

“आजोबा,” रांगेतल्या माणसाने मागून विचारलं, “झालं का तुमचं?”

“झालं,” भाऊसाहेब म्हणाले, आणि बाजूला झाले.